गावाचा कचरा थांबवायचा कुठे? कचरा हस्तांतरण केंद्रासाठी जागा निवडताना काय काय बघावं

पेण : घंटागाडी आली, घरोघरचा कचरा गोळा झाला, पण पुढे तो उतरवायचा कुठे? ग्रामीण भागातल्या अनेक ग्रामपंचायतींचं घोडं इथेच अडतं. गाडी मिळते, डबे मिळतात, शेडसाठी थोडाफार निधीही मिळतो. जागेचा विषय निघाला की मात्र ग्रामसभेत आवाज चढतात. "आमच्या वाडीजवळ नको" हे प्रत्येक वाडी म्हणते आणि शेवटी कचरा जातो पऱ्याच्या काठाला किंवा रस्त्याच्या वळणावर.

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म इथे झाला. पवनारला असताना १९४६ च्या सुमारास विनोबा रोज सकाळी खांद्यावर फावडं घेऊन जवळच्या सुरगावला चालत जात आणि तिथली घाण स्वतः साफ करत. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हेच काम कणकवलीच्या गोपुरीत केलं. घाणीची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलू नये, हा दोघांचा आग्रह होता. जागेची निवडही त्याच कसोटीवर तपासता येते.

गागोदे बुद्रुकसारख्या डोंगराकडच्या गावांना, तसंच पेण-रोह्यातल्या इतर ग्रामपंचायतींना उपयोगी पडावी अशी ही माहिती. ग्रामसभेला जाण्याआधी एकदा वाचून ठेवा.

केंद्र वेगळं, डेपो वेगळा

सगळा गोंधळ या दोन शब्दांच्या सरमिसळीतून होतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हस्तांतरण केंद्राची व्याख्या केली. गोळा केलेला कचरा उतरवून घ्यायचा आणि तो झाकलेल्या गाडीतून किंवा कंटेनरमधून एकगठ्ठा प्रक्रियेच्या किंवा विल्हेवाटीच्या ठिकाणी पाठवायचा, त्यासाठीची सोय म्हणजे हस्तांतरण केंद्र. एसटीच्या थांब्यासारखंच समजा. माल इथे उतरतो, थोडा वेळ थांबतो आणि पुढे जातो.

डेपोत तो पुढे जात नाही. साचतो, कुजतो, पेटतो.

गावपातळीवर हे केंद्र म्हणजे बहुतेक वेळा एक शेड असते. तिथे सुका कचरा वेगवेगळा करायचा, पोत्यांत भरायचा आणि तालुक्याच्या प्लॅस्टिक प्रक्रिया केंद्राला किंवा भंगारवाल्याला द्यायचा. म्हणून जागा बघायला निघण्याआधी ग्रामपंचायतीने एका कागदावर दोन ओळी लिहाव्यात : माल इथून कुठे जाणार आणि किती दिवसांनी जाणार. दुसऱ्या ओळीत "बघू", "ठरवू" असं लिहायची वेळ आली, तर जागेची चर्चा तिथेच थांबवावी. पुढचा मुक्काम ठरलेला नसेल तर चांगल्यात चांगल्या जागेचाही दोन पावसाळ्यांत डेपो होतो.

आधी हिशोब, मग जागा

किती जागा लागेल? २,००० वस्तीची ग्रामपंचायत उदाहरण म्हणून घेऊ. माणशी रोज ३०० ग्रॅम कचरा धरला तर रोजचा ६०० किलो होतो. त्यातला पाचवा भाग सुका धरला तर १२० किलो.

तालुक्याची गाडी पंधरा दिवसांनी येते असं धरू. म्हणजे एका खेपेला १,८०० किलो सुका माल साठणार. सुटं प्लॅस्टिक, पुठ्ठा, बाटल्या यांचं वजन कमी आणि पसारा मोठा. घनमीटरला ५० किलो धरलं तर हा माल ३६ घनमीटर भरतो. पाच फूट उंचीपर्यंत पोती रचली तर साधारण अडीचशे चौरस फूट जागा लागते. पावसाळ्यात रस्ता बंद पडून एक खेप चुकली तर त्याच्या दुप्पट. निवडायला, वावरायला आणि साहित्य ठेवायला जागा धरून हजार चौरस फुटांची शेड पुरेल. म्हणजे जेमतेम एक गुंठा. गाडी वळायला अंगण, कुंपण आणि झाडांची रांग धरली तरी तीन गुंठ्यांत काम होतं.

आता ओला कचराही याच शेडमध्ये आणायचा म्हटलं तर चित्र पालटतं. पंधरा दिवसांचे ९ टन होतात. पाणी सुटतं, वास येतो, कुत्री येतात, माशा येतात. तीन गुंठ्यांचं काम एकराच्या घरात जातं आणि कुठलीच वाडी ते स्वीकारत नाही.

म्हणून जागेचा अर्धा प्रश्न घराच्या परसातच सुटतो. गावाकडे उष्टं-खरकटं गुराढोरांना जातं, शेण उकिरड्यावर जातं, पालापाचोळा राबाला जातो. जे उरेल त्याला घरचा खड्डा, वाडीवर नाडेप टाकी किंवा गांडूळ खताचा हौद पुरतो. केंद्रात फक्त कोरडा माल येणार, असा नियम झाला की शेजाऱ्यांची निम्मी हरकत आपोआप गळते.

हे केंद्रात आणायचं नाही

जागा ठरवतानाच ही यादी पक्की करावी, कारण शेजारी राहणाऱ्याला भीती असते ती याच वस्तूंची.

– ओला कचरा, मेलेली जनावरं, कोंबडी-मासळीची घाण.

– प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र किंवा खासगी दवाखान्यातल्या सुया, पट्ट्या, सलाईन. यासाठी २०१६ चे जैव-वैद्यकीय कचरा नियम वेगळे आहेत आणि त्याची वाहतूकही वेगळी होते.

– कारखान्यांचा घातक कचरा. रायगडात धाटावसारख्या औद्योगिक वसाहती आहेत. तिथला घातक माल अधिकृत सुविधेकडेच जायला हवा. अशी सुविधा तळोज्यात आहे. गावाच्या शेडमध्ये तो कोणी "सोय म्हणून" उतरवायला आला तर गाडीचा नंबर लिहून घ्यावा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावं.

– बांधकामाचा राडारोडा. त्यासाठी वेगळी जागा ठेवा.

सॅनिटरी पॅड आणि डायपर हा अवघड भाग. ते कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्यायचे असतात. २०२६ च्या नव्या नियमांत तर ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग केलेले आहेत. केंद्रात यासाठी झाकणाचा वेगळा ड्रम असावा आणि तो सगळ्यांत आधी बाहेर जावा. ट्यूबलाइट, बॅटरी, औषधांच्या आणि फवारणीच्या रिकाम्या बाटल्या यांच्यासाठी कुलूपबंद कपाट ठेवा.

पेण तालुक्याची आणखी एक खासियत म्हणजे गणपती. हमरापूर, जोहे आणि पेण शहरातल्या कारखान्यांतून पीओपीचा चुरा, रंगांचे डबे, तुटके साचे निघतात. असा माल असलेल्या गावांनी तो कोणी उचलायचा हे आधीच ठरवावं. तो घरगुती कचऱ्यात मिसळू देऊ नये.

नकाशावर आधी फुल्या मारा

"कुठे चालेल?" असं विचारलं की भांडण होतं. "कुठे अजिबात चालणार नाही?" असं विचारलं की गाव पटकन एकमतावर येतं. गाव नकाशा पसरा आणि लाल पेनाने फुल्या मारायला घ्या.

पाणी. सार्वजनिक विहीर, बोअरवेल, नळयोजनेची विहीर, तळं, नदी, पऱ्या. २०१६ च्या नियमांत शास्त्रीय भरावभूमीसाठी अंतरं दिलेली होती : नदीपासून १०० मीटर, तळं, महामार्ग, वस्ती आणि पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून २०० मीटर. ही अंतरं भरावभूमीची आहेत, हस्तांतरण केंद्राची नाहीत. तरी पाण्याच्या बाबतीत गावाने तीच पाळलेली बरी. आपल्याकडे जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि खालचा खडक भेगांचा बेसॉल्ट. वर सांडलेलं खालच्या विहिरीत कुठून कसं उतरेल ते डोळ्यांना दिसत नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला असलेली जागा अंतर पुरेसं असलं तरी सोडून द्यावी.

पूर आणि भरती. ओढ्याचं पाणी चढतं ती जागा बाद. खारेपाटातल्या गावांनी खाडीकाठ, खारभूमीचे बांध आणि कांदळवन यांवर फुली मारावी. तिथे सीआरझेडचा कायदा लागतो आणि उधाणात पोती थेट खाडीत जातात.

उतार. डोंगराच्या पायथ्याची सपाट जागा बघायला छान वाटते. पण २००५ मध्ये महाडजवळचं जुई, २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी, या दरडी याच जिल्ह्यात कोसळल्या. रोज माणसं कामाला बसणार ती शेड कड्याखाली नको. शेडसाठी डोंगराचा पाय कापणं तर नकोच.

वन. राखीव वन, संरक्षित वन आणि सातबाऱ्यावर "वन" किंवा "खासगी वन" असा शेरा असलेली जमीन. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी अशा तेरा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपर्यंत वनजमीन मिळू शकते. त्या यादीत कचरा केंद्र नाही. त्यामुळे "वनखात्याची पडीक जागा आहे, तिथे टाकू" हा मार्ग सोपा नाही, त्यासाठी १९८० च्या वन कायद्याची परवानगी लागते. दळी जमिनी आणि वनहक्काचे दावे चालू असलेली जागाही सोडावी. पश्चिम घाटाच्या प्रस्तावित पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात रायगडमधलीही गावं आहेत. आपलं गाव त्यात येतं का, हे तहसील कार्यालयात विचारून घ्या.

माणसं. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, स्मशान, देवस्थान, जत्रेचं मैदान यांच्या लगतची जागा बाद.

उरलेल्या जागांत काय बघायचं

फुल्या मारून झाल्यावर साधारण तीन-चार जागा उरतात. आता त्या प्रत्यक्ष पायी फिरून बघा. एक फेरी उन्हाळ्यात आणि एक जुलैमध्ये मुसळधार पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मारा. एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत दिसणारी जागा जुलैमध्ये गुडघाभर पाण्यात असते, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं. त्यांना सोबत न्या.

रस्ता : भरलेला टेम्पो पावसाळ्यात जागेपर्यंत पोचला पाहिजे आणि आत शिरून वळला पाहिजे. मागे-मागे घेत मुख्य रस्त्यावर यावं लागत असेल तर ती जागा अपघाताची. गाडी शाळेसमोरून जात असेल तर शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा सोडून फेऱ्या ठेवाव्यात.

वारा : जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून येतो. याच दिवसांत माल ओला होतो आणि वासही जास्त येतो. म्हणून वस्तीच्या नैऋत्येला केंद्र नको. वस्ती पुढे आणि केंद्र तिच्या ईशान्येला, हे बरं. हिवाळ्यात रात्री वारा उलटा फिरतो, पण कोरड्या मालाला तेव्हा त्रास कमी.

छप्पर आणि जोतं : ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडातल्या घरांचे पत्रे कागदासारखे उडाले. शेडचे पत्रे नुसत्या खिळ्यांवर ठेवू नका. जोतं आसपासच्या जमिनीपेक्षा दीड-दोन फूट उंच, फरशी पक्की आणि छपराचं पाणी वेगळ्या गटाराने बाहेर हवं. पावसाचं पाणी कचऱ्याला लागलंच नाही तर घाण पाणी तयारच होत नाही.

आग : मार्च ते मे डोंगराला वणवे लागतात. शेडभोवतीचं गवत दरवर्षी जानेवारीत कापायचं आणि दहा-पंधरा फुटांचा मोकळा पट्टा ठेवायचा. प्लॅस्टिक पेटलं तर गावाची पाण्याची टाकी कमी पडेल. आत कचरा जाळणं तर पूर्ण बंद. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड ठरवून दिला होता.

काम करणारी माणसं : बचत गटाच्या बाया किंवा पंचायतीचे कामगार तिथे रोज तीन-चार तास बसणार. त्यांना हात धुवायला पाणी, शौचालय, वीज आणि घरी परतायला सुरक्षित वाट हवी. गावापासून दोन किलोमीटर रानात शेड बांधली तर तिथे बाया जाणार नाहीत आणि शेड कुलूपबंद राहील. जागा फार लांब असणं हासुद्धा दोषच आहे.

जमिनीचे कागद

जागा पसंत पडली तरी काम लगेच सुरू करू नका. आधी सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा काढा.

गावठाणातली किंवा ग्रामपंचायतीच्या नावावरची जागा सगळ्यांत सोपी. पंचायतीची जुनी गोदामं, बंद पडलेली समाजगृहं यांचाही विचार करा.

गायरान असेल तर जपून. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांबद्दल कडक निकाल दिला. त्यानंतर राज्य शासनाने त्याच वर्षी गायरानाच्या वापरावर निर्बंध घातले. सार्वजनिक कामासाठीही जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर प्रस्ताव जावा लागतो. नुसत्या ग्रामसभेच्या ठरावावर गायरानात शेड उभी करता येत नाही.

वरकस किंवा खासगी जमीन कोणी दान देत असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. नुसतं स्टॅम्पवर "वापरायला दिली" असं लिहून घेतलं तर मालक वारला की वारस गेटला टाळं लावतात. इतर हक्काच्या रकान्यात कुळाचं नाव आहे का ते बघा. आदिवासी खातेदाराची जमीन जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही.

"गावाबाहेर" म्हणजे कोणाच्या दारात?

जागेच्या चर्चेत हमखास येणारं वाक्य म्हणजे "गावाबाहेर कुठेतरी करा". पण गावाबाहेर कोणीच राहत नाही असं नसतं. पेण-रोह्यात गावाबाहेर कातकरी वाडी असते, ठाकूर वाडी असते. त्यांची विहीर बहुधा एकच असते आणि ग्रामसभेत त्यांचा आवाज कमी पडतो. मोठ्या आळीला वास येऊ नये म्हणून केंद्र त्यांच्या वाटेवर नेलं, तर तो निर्णय बहुमताचा असला तरी न्यायाचा नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत २००० साली तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सल्लागार मंडळाने हस्तांतरण केंद्रांवरच अहवाल दिला. न्यूयॉर्कसारख्या शहरांत ही केंद्रं गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांत एकाशेजारी एक कशी साचली, हा त्याचा विषय होता.

महाराष्ट्रात पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीने शहराचा कचरा अनेक वर्षं झेलला. विहिरी खराब झाल्या. २०१७ मध्ये डेपोला आग लागल्यावर गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या तीन आठवड्यांच्या आसपास रोखून धरल्या. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या परिसरातल्या लोकांनी डेपोवर गाड्या येऊ दिल्या नाहीत. शहरात कचरा साचला. मग घाईघाईने दुसरीकडे गाड्या पाठवल्या गेल्या आणि मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक, लाठीमार, जाळपोळ झाली. तिथे कचरा शहराचा होता आणि गाव छोटं होतं. पण न विचारता जागा ठरवली की काय होतं, ते गावपातळीवरही तसंच लागू पडतं.

याच्या उलट उदाहरण कोकणातच आहे. वेंगुर्ले नगरपरिषदेने तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरापासूनच कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली. जुन्या डम्पिंगच्या जागेवर वर्गीकरण, बायोगॅस, प्लॅस्टिकचे तुकडे करून रस्त्यासाठी वापर असं काम उभं राहिलं आणि तीच जागा लोक बघायला येऊ लागले. जागा जुनीच राहिली. बदललं ते तिथे काय येतं आणि किती वेळ थांबतं एवढंच.

तीन जागा समोर ठेवून बघू

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक गाव घेऊ.

पहिली जागा : आदिवासी वाडीच्या मागे, पऱ्यालगत, सरकारी पडीक. फुकट मिळते, गावठाणापासून दीड किलोमीटर. पण पऱ्या खाली वाडीच्या विहिरीजवळून जातो, पावसाळ्यात रस्ता चिखलाचा.

दुसरी जागा : डोंगराच्या पायथ्याशी, डांबरी रस्त्याला लागून, मालक दान द्यायला तयार. पण वर कडा आहे आणि सातबाऱ्यावर खासगी वनाचा शेरा.

तिसरी जागा : ग्रामपंचायतीची स्वतःची चार गुंठे, गावाच्या ईशान्येला, रस्त्याला लागून, विहिरीपासून २०० मीटरपेक्षा लांब. पण सगळ्यात जवळचं घर ७० मीटरवर.

नेहमीच्या चर्चेत पहिली जागा निवडली जाते, कारण ती डोळ्याआड आहे. फुल्यांच्या पद्धतीने बघितलं तर पहिली आणि दुसरी दोन्ही बाद होतात. उरते तिसरी. तिथे त्या ७० मीटरवरच्या घराशी बोलणं हे खरं काम. फक्त कोरडा माल, बंद शेड, मधे झाडांची दाट रांग, संध्याकाळनंतर काम बंद आणि ठरलेल्या दिवशी उचल. या अटी लेखी देता येत असतील तर ते घर ऐकून घेईल. देता येत नसतील तर त्या घराची हरकत रास्त आहे.

ग्रामसभेत विषय कसा न्यावा

महिला सभा नियमित ग्रामसभेच्या आधी होते. हा विषय तिथे आधी ठेवा, कारण घरात कचरा वेगळा करणाऱ्या त्याच आणि शेडमध्ये निवडायला बसणाऱ्याही बहुधा त्याच.

वाड्यांवर वेगळ्या बैठका घ्या, त्यांच्या वेळेला. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं गावात नसतात त्या महिन्यांत वाडीजवळच्या जागेचा ठराव घेऊ नका.

ग्रामसभेत एकच जागा मांडू नका. तिन्ही जागा, त्यांचे दोष आणि बाद करण्याची कारणं कागदावर लावून फळ्याला चिकटवा. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल ते लागतं. पण अशा विषयाला तेवढ्यावर भागवू नये. हरकत घेणाऱ्याचं नाव आणि कारण इतिवृत्तात आलंच पाहिजे.

शेजारच्या ग्रामपंचायतीबरोबर मिळून केंद्र करायचं असेल तर प्रत्येक पंचायतीचा वेगळा ठराव घ्या. ज्या गावात शेड, त्या गावाला खर्चात सूट किंवा भंगाराच्या उत्पन्नात जास्त वाटा, हे आधीच ठरवा.

पैसा कुठून

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०२०-२१ पासून, ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. ७० टक्के मिशनचे, ३० टक्के पंधराव्या वित्त आयोगातून. तालुक्याला एका प्लॅस्टिक प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत वेगळी तरतूद होती.

आपल्या २,००० वस्तीच्या गावाला ६० रुपयांनी १ लाख २० हजार होतात. यात डबे, खड्डे आणि पक्की शेड हे सगळं बसत नाही. वित्त आयोगाचा स्वच्छतेसाठीचा बंधित निधी, रोजगार हमी आणि पंचायतीचा स्वनिधी जोडावा लागतो. निधीची आजची स्थिती पंचायत समितीत विचारून घ्या. आणि बांधण्याच्या खर्चापेक्षा चालवण्याचा खर्च आधी मोजा : दोन माणसांची मजुरी, डिझेल, पोती, हातमोजे. घरटी महिना वर्गणी किती बसते ते ग्रामसभेत सांगा. हा आकडा लपवला तर सहा महिन्यांत गाडी उभी राहते.

ठरावात हे लिहून घ्या

१. केंद्रात काय येईल आणि काय येणार नाही, याची यादी.

२. माल कुठे जाणार, कोण उचलणार, किती दिवसांनी. त्या संस्थेचं लेखी पत्र जोडलेलं.

३. माल जास्तीत जास्त किती दिवस थांबेल. मुदत उलटली तर नवीन माल घेणं बंद आणि सात दिवसांत विशेष बैठक.

४. पावसाळ्यापूर्वी, मे अखेरपर्यंत, शेड पूर्ण रिकामी.

५. जवळच्या विहिरीचं पाणी केंद्र सुरू होण्याआधी एकदा आणि नंतर वर्षातून दोनदा तपासणार. अहवाल पंचायतीच्या फळ्यावर.

६. देखरेख समितीत सगळ्यांत जवळच्या घरातला एक जण आणि वाडीतली एक महिला.

७. बाहेरच्या गावाचा, रिसॉर्टचा किंवा फार्महाऊसचा कचरा घ्यायचा असेल तर पुन्हा ग्रामसभा.

८. अटी मोडल्या तर केंद्र बंद करण्याचा अधिकार ग्रामसभेला.

तिसरी आणि आठवी अट सगळ्यांत महत्त्वाची. जवळ राहणाऱ्या माणसाला केंद्राच्या शेडपेक्षा त्याच्या डेपोची भीती असते आणि ती भीती याच दोन ओळींनी कमी होते.

रोज पाच टनांपेक्षा जास्त कचरा हाताळणाऱ्या सुविधेला २०१६ च्या नियमांनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृत मंजुरी लागत असे. एका गावाची शेड त्या मर्यादेच्या खूप खाली राहते. अनेक गावांचं मिळून मोठं केंद्र करताना मात्र मंडळाकडे आधी विचारणा करा.

या कामासाठी पहिली भेट ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची घ्या. जागेच्या नोंदींसाठी ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) आणि भूमी अभिलेख कार्यालय. निधी आणि आराखड्यासाठी पंचायत समितीतले गटविकास अधिकारी. त्यापुढे अलिबागला जिल्हा परिषदेचा पाणी व स्वच्छता विभाग. जाताना गाव नकाशाची प्रत, फुल्या मारलेली, सोबत न्या.